ब्रॉली, ट्रॉली आणि माझा एक पाउंड

मँचेस्टरला येऊन मला जेमतेम नऊ दिवस झाले होते. एकटीने सुपरमार्केटात जायची पहिलीच वेळ, त्यामुळे घरून निघतानाच सगळं घोकून निघाले होते. पिशव्या आपल्या आपण न्यायच्या, सामान आपणच भरायचं, आणि ट्रॉली घ्यायच्या आधी एक पाउंडाचं नाणं हाताशी ठेवायचं. इकडे ट्रॉल्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या असतात, हँडलपाशी छोटीशी खाच असते, तिच्यात नाणं सरकवलं की साखळी सुटते आणि ट्रॉली परत जागेवर नेऊन अडकवली की आपलं नाणं बाहेर येतं. आता चिपळूणच्या बाईला एक पाउंड म्हणजे शंभरेक रुपये, ते काय मी सोडतेय होय.

तर सामान घेतलं, पैसे दिले, बाहेर आले, पिशव्या खांद्याला लावल्या, ट्रॉली जागेवर ढकलली, पाउंड काढून मुठीत धरला आणि निघाले, एवढ्यात बिलिंगवाली बाई दारापर्यंत धावत आली आणि ओरडली, "लव्ह! यू फरगॉट युअर ब्रॉली!"

मला ऐकू आलं ट्रॉली. मी हसून म्हटलं, नो नो, आय पुट इट बॅक. ती म्हणाली, नो, युअर ब्रॉली! मला वाटलं हिला वाटतंय मी नाणं विसरले, किती चांगली माणसं आहेत, म्हणून मूठ उघडून तिला पाउंड दाखवला. तिने पाउंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत म्हणाली ब्रॉली. मी परत पाउंड दाखवला, या वेळी जरा उंच धरून. मागे दोन माणसं थांबून बघायला लागली. शेवटी ती बिचारी आत गेली आणि माझी निळी थ्री-फोल्ड छत्री घेऊन आली, जी मी बिलिंगच्या टोकाला लटकवून विसरून आले होते. बाहेर भुरभुर चालू होती पण माझ्या डोक्यावर जॅकेटची टोपी होती त्यामुळे आठवणच झाली नव्हती. छत्री हातात देऊन तिने माझा दंड थोपटला. (ते लव्ह प्रकरणही तेव्हा नवीनच होतं, अनोळखी बाई आपल्याला लव्ह म्हणते म्हणजे काय, पण आता कळलंय की ते आमच्याकडच्या "गो बाय" सारखं आहे, त्यात काही विशेष नाही.)

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो हसून हसून लोळला. तो माझ्या आधी चार वर्षं इकडे. मग जरा वेळाने कबूल केलं की त्याला पहिल्यांदा ब्रोकोली ऐकू आलं होतं, ऑफिसमधला एकजण म्हणाला होता की आज ब्रॉली लागणार, आणि याला वाटलं कँटीनचा मेन्यू सांगतोय.

तर ब्रॉली म्हणजे छत्री. अंब्रेला. शब्दकोशात बघितलं तर एवढंच की अंब्रेलाचं बोलीतलं तोडलेलं रूप, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात. पण जरा थांबून बघा त्या शब्दाचं काय केलंय ते. पुढचा "अं" उडवला, शेवटचा "ला" मोडून "ली" केला, आणि मधल्या "ब्रे" चा "ब्रॉ" केला, तो का केला ते कुणालाच विचारू नये. आपण राजेंद्रचा राज्या करतो ते ठीक आहे, पण गजाननचा गज्या आणि गोविंदचा गोंद्या करताना कुठे व्याकरण विचारतो? तसंच हे. तोंडाला सोपं पडलं, झालं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की यांचा हा धंदाच आहे. टेलिव्हिजनची टेली, ब्रेकफास्टचा ब्रेकी, कार्डिगनची कार्डी, हँडकरचिफची हँकी, बिस्किटाची बिकी, प्रेझेंटचं प्रेझी, फिश अँड चिप्सच्या दुकानाची चिपी. गमबूट म्हणजे वेलिंग्टन बूट, त्या वॉटर्लूवाल्या ड्यूकच्या नावाचे, त्यांच्या वेलीज झाल्या. रेनकोटचं तर अजून भारी आहे. चार्ल्स मॅकिंटॉश नावाच्या ग्लासगोच्या माणसाने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून न भिजणारं कापड करायचं पेटंट घेतलं, त्या कापडाच्या कोटाला त्याचंच नाव पडलं, आणि मग ते नावही लांब वाटलं म्हणून नुसतं मॅक. म्हणजे पावसात बाहेर पडताना इथला माणूस मॅक, वेलीज आणि ब्रॉली घेऊन निघतो, तिन्ही टोपणनावं. जसं काही कॉलेजच्या कट्ट्यावरून पक्या, संद्या आणि मंगी निघालेत.

मराठीत आपण हे माणसांना करतो. वस्तूंना नाही करत. आपला पक्या आहे, बाळ्या आहे, सुनी आहे, पण छत्री ती छत्रीच. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने छत्री हातातून सुटत नाही, इतक्या वर्षांच्या संसारात तिला एक लाडाचं नाव पडू नये म्हणजे काय. मी खूप आठवून बघितलं, आईला विचारलं, मावशीला विचारलं. मावशी म्हणाली छत्रीला कसलं गो लाडाचं नाव, मेली दर वर्षी मोडते.

पण मला वाटतं कारण वेगळं आहे. आपल्याकडे छत्री वरून खाली आली. छत्र आधी राजाच्या डोक्यावर, देवाच्या डोक्यावर. आजही बाप गेला की पितृछत्र हरपलं म्हणतो, वर छत्रपती आहेतच. पेशवाईत कुणाला पालखीचा मान, कुणाला अब्दागिरीचा, म्हणजे तुमच्या डोक्यावर सावली धरायला माणूस असणं हीच इज्जत. अशा घराण्यातली ती, आता मुळा-भाजीच्या पिशवीत पडून असते हे खरं, पण तिला एकदम अरेतुरे कोण करणार.

विलायतेत उलटं झालं. तिकडे छत्री टिंगलीतून वर आली.

हे मी वाचायला घेतलं ते त्या पाउंडाच्या फजितीमुळेच. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनच्या पुरुषाने छत्री धरणं म्हणजे बायकी समजायचे, बायकी आणि वर फ्रेंच, यातलं जास्त वाईट काय ते त्यांनाच माहीत. चर्चमध्ये, कॉफी हाऊसमध्ये एखादी मोठी छत्री ठेवलेली असायची, ती गिऱ्हाइकाला दारापासून गाडीपर्यंत पोचवायला, पण स्वतःची छत्री घेऊन रस्त्याने चालणारा सभ्य पुरुष, छे. मग जोनस हॅनवे नावाचा एक व्यापारी, रशिया-इराण फिरून आलेला, तो १७५०च्या सुमारास लंडनमध्ये सरळ छत्री घेऊन हिंडायला लागला. लोक हसले. सगळ्यात जास्त चिडले ते भाड्याच्या घोडागाड्यावाले, कारण पाऊस हाच त्यांचा सीझन, पाऊस आला की लोक धावत गाडीत बसणार, आणि हा बाबा डोक्यावर छप्पर घेऊन आरामात पायी चाललाय. आपल्याकडे पावसात रिक्षावाल्याच्या समोरून छत्री उघडून चालत जाताना तो ज्या नजरेने बघतो ना, तीच नजर, फक्त अडीचशे वर्षं जुनी. पुढे १७७८ मध्ये एका जॉन मॅकडोनाल्ड नावाच्या नोकराने रेशमी छत्री लंडनमध्ये वापरली तर त्याच्याही मागे लोक ओरडायचे, ए फ्रेंचमन, गाडी कर की! त्याने ते आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

हॅनवे मात्र हटला नाही, १७८६ ला मरेपर्यंत जवळजवळ तीस वर्षं छत्री वापरत राहिला, आणि हळूहळू लोकांची सवय झाली. आता हा माणूस मला फार आवडायला लागला होता, अनाथ मुलांसाठी काम केलेला, दर्यावर्दी पोरांसाठी मरीन सोसायटी काढलेली, आणि मग पुढच्या पानावर कळलं की त्याने १७५६ मध्ये चहाच्या विरोधात निबंध लिहिला होता. चहाने तब्येत बिघडते, देश बिघडतो वगैरे. त्यावर सॅम्युअल जॉन्सन, तो डिक्शनरीवाला, अट्टल चहाबाज, त्याने जाहीर खरडपट्टी काढली. म्हणजे इंग्रजांची छत्री आणि इंग्रजांचा चहा, यातली एक गोष्ट ज्याने रुजवली तो दुसरीच्या मुळावर उठला होता. माझ्या मनातून अर्धा उतरलाच तो. पावसात छत्री आहे आणि घरी गेल्यावर चहा नाही, अशी छत्री काय करायचीय.

आणि गंमत अशी की अंब्रेला हा शब्द मुळात पावसाचा नाहीच. लॅटिनमध्ये अंब्रा म्हणजे सावली, तिथून इटालियन, तिथून इंग्रजी. आपलं संस्कृतातलं आतपत्र पण तेच, उन्हापासून वाचवणारं. फ्रेंचांनी सरळ पाऊस अडवणारी असं पाराप्ल्युई नाव ठेवलं, इंग्रजांनी मात्र ज्या देशात ऊन बघायला लोक गॅलरीत खुर्च्या टाकून बसतात तिथे पावसाच्या वस्तूला सावली म्हणून ठेवलं. मग त्या शब्दाचा त्यांनाच कंटाळा आला असेल तर नवल नाही.

ब्रॉलीच्या आधी गॅम्प असंही एक टोपणनाव चालायचं. ते डिकन्सच्या मार्टिन चझलविट या १८४३-४४ मधल्या कादंबरीवरून, त्यात मिसेस गॅम्प म्हणून एक दारूबाज सुईणबाई आहे, तिच्याकडे सदान्कदा एक अवाढव्य जुनाट छत्री. ती इतकी गाजली की फुगलेल्या ओबडधोबड छत्रीला लोक गॅम्पच म्हणायला लागले. आता तो शब्द कोणी वापरत नाही. अमेरिकन लोकांची अजून एक समजूत असते की इंग्रज लोक छत्रीला बंबरशूट म्हणतात. आमच्या टीममध्ये एक बोस्टनचा आहे तो मोठ्या आत्मविश्वासाने बोलून गेला, आणि सगळे इंग्रज त्याच्याकडे बघतच राहिले, कारण तो शब्द अमेरिकेतच जन्मलेला आहे, इकडे कोणाला माहीतच नाही. मला फार बरं वाटलं. पाउंड दाखवणारी मी एकटीच नाही.

दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सची पोरं पॅराशूटला ब्रॉली म्हणायची. विमान पेटलंय, दहा हजार फुटांवरून उडी मारायचीय आणि म्हणायचं काय, तर ब्रॉली. या लोकांचं सगळं असंच. जितकी गोष्ट गंभीर तितकं नाव छोटं.

आता पावसाबद्दल. लंडनमध्ये वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. सहाशे! पुण्यात त्याच्याहून जास्त पडतो, आणि पुण्यात पाऊस पडतो असं आम्ही कोकणातले मानतसुद्धा नाही. मँचेस्टर, जे सगळ्या देशात पावसाळी म्हणून बदनाम आहे, तिथे आठशेच्या थोडं वर. एवढा पाऊस चिपळूणला जुलैच्या दहा-बारा दिवसांत सुद्धा होऊन जातो कधी कधी. पण हा आठशे मिलिमीटर तो वर्षाच्या दीडशे दिवसांवर पुरवून पुरवून वाढतो, पाहुणे जास्त आणि आमटी कमी असल्यासारखा. एक दिवस धड ओला नाही आणि एक दिवस धड कोरडा नाही. आपल्या सरी, संततधार, मुसळधार यांतलं इकडे फारसं काही नाही, जे आहे ते सगळं भुरभुर आणि रिपरिप या दोन खोल्यांत राहतं. त्यामुळे आपल्यासारखं मिरगाच्या आधी छत्र्या काढल्या, दिवाळीला माळ्यावर टाकल्या, असा प्रकारच नाही. ब्रॉली बारा महिने दाराशी. रोज भेटणाऱ्याला टोपणनाव पडतं, पाहुण्याला नाही पडत, एवढं साधं असेल कदाचित.

वारा मात्र आहे. वारा सुटला की बघायला नको. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पिकॅडिली स्टेशनच्या बाजूने चालत गेलं तर कचऱ्याच्या डब्यांत मेलेल्या छत्र्या डोकं खाली पाय वर करून खुपसलेल्या दिसतात, काड्या बाहेर आलेल्या, कापड लोंबतंय. मला ते दृश्य अजून सहन होत नाही. आमच्याकडे मेच्या शेवटी बाजारपेठेत छत्री दुरुस्तीवाला बसायचा, पुढ्यात काड्या, तारा, मुठी, जुन्या छत्र्यांचे तुकडे, एक काडी बदलायची, एक टाका घालायचा, चल हो पुढे. एक छत्री तीन भावंडांना पुरायची. इकडे मोडली की डबा.

त्या काड्यांचीही एक गोष्ट आहे. पूर्वी त्या देवमाशाच्या तोंडातल्या त्या झालरीसारख्या लवचिक पट्ट्यांच्या करायचे, ओल्या झाल्या की जड आणि तडकायच्या पण लवकर. १८५२ मध्ये सॅम्युअल फॉक्स नावाच्या माणसाने स्टीलच्या पन्हाळीसारख्या आकाराच्या काड्या काढल्या, इंग्रजी यू अक्षरासारख्या, त्यामुळे वजन कमी आणि वाकायला कणखर. त्याचा कारखाना स्टॉक्सब्रिजला, शेफिल्डजवळ. हे वाचलं आणि मी ओरडलेच, कारण मँचेस्टरहून शेफिल्डला वुडहेड पासच्या रस्त्याने आम्ही कितीदा गेलोय, स्टॉक्सब्रिजला बाहेरून वळसा घालून. पुढच्या वेळी नवऱ्याला गाडी आत घ्यायला लावली. जुन्या कारखान्याच्या जागेवर आता शॉपिंग सेंटर झालंय, फॉक्स व्हॅली नावाचं. मी भाविकपणे तिथे एक फेरी मारली, नवऱ्याने कॉफी घेतली, बाहेर आलो तर पाऊस, आणि छत्री गाडीत. छत्रीच्या माहेरी जाऊन भिजून आले.

पण ब्रॉली शब्दाची खरी ताकद मला कळली ती ऑफिसमधल्या फुटबॉलवेड्यांकडून. मी कुठल्याशा मॅचच्या दिवशी मोठी छत्री घेऊन आले तर एकजण म्हणाला, आली बघा वॉली विथ द ब्रॉली. वॉली म्हणजे बावळट, शुंभ. मी म्हटलं, मला का रे बाबा, मग त्याने सगळं सांगितलं. २१ नोव्हेंबर २००७, वेंबली, इंग्लंड विरुद्ध क्रोएशिया. युरो २००८ ला जायला इंग्लंडला मॅच नुसती बरोबरीत सुटली तरी पुरणार होती. धो धो पाऊस. इंग्लंड दोन गोलने मागे पडलं, मग कसंबसं २-२ केलं, आणि मग तिसरा खाल्ला. २-३. आणि या सगळ्या वेळात मॅनेजर स्टीव्ह मॅक्लारेन मैदानाच्या कडेला मोठी छत्री धरून उभा. पोरं भिजतायत, पब्लिक रडतंय आणि साहेब कोरडे. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आणि वर मथळा, वॉली विथ द ब्रॉली. त्याच दिवशी नोकरी गेली.

आता विचार करा, अंब्रेला शब्द वापरून हा मथळा झाला असता का? यमकच नाही. ब्रॉली होती म्हणून तो माणूस जन्माचा अडकला. पुढे हॉलंडमध्ये जाऊन त्याने ट्वेंटे क्लबला २०१० ची लीग जिंकून दिली, तरी इकडे नाव निघालं की पहिली आठवते ती छत्री. म्हणजे हॅनवेच्या वेळेला छत्री धरणाऱ्या पुरुषाला हसायचे, आणि अडीचशे वर्षांनी परत तेच! मध्ये एवढा पाऊस पडून गेला तरी. आपल्याकडे कोणी पावसात छत्री धरली म्हणून पेपरात येईल का, उलट नाही धरली तर घरचे बोलतील, एवढा मोठा झाला पण अक्कल नाही.

लंडनला न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जेम्स स्मिथ अँड सन्स म्हणून छत्र्यांचं दुकान आहे, १८३० चं, आणि त्या जागेवर १८५७ पासून. नुसता दर्शनी भाग बघायला जा, सोनेरी अक्षरं, पितळ, काचेत छत्र्या आणि काठ्या, पाटीवर गुप्तीसारख्या आत तलवार असलेल्या काठ्यांचासुद्धा उल्लेख. तिथे मी आत गेले आणि किमती बघून त्याच पावली बाहेर. त्या छत्र्यांना ब्रॉली म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्या आमच्या छत्राच्या जातीतल्या. त्यांना अहोजाहोच.

गेल्या वर्षी आई आली. मेमध्ये आली तीन महिन्यांसाठी, आणि येताना बॅगेत लोणचं, कोकमं, मेतकूट आणि स्वतःची काळी छत्री. लांब, वाकड्या दांड्याची, बॅगेत तिरकी घालून आणलेली. मी म्हटलं अगं इकडे मिळतात छत्र्या, तर म्हणाली माझ्या नावाची आहे ती. खरंच नावाची होती, आमच्याकडे पूर्वी नव्या छत्रीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घालून घ्यायचे, शाळेत, देवळात, लग्नघरी ढीगभर काळ्या छत्र्यांतून आपली ओळखायला, तसं तिने बाजारपेठेतून घालून घेतलेलं. एका पाकळीवर आमचं आडनाव, देवनागरीत, चांगलं वीतभर.

पहिल्याच आठवड्यात ती फिरून आली आणि ओली छत्री हॉलच्या मधोमध उघडून ठेवली वाळायला. बरोबरच आहे, आमच्या पडवीत पावसाळ्यात सात-आठ छत्र्या उघड्या बसलेल्या असतात कोंबड्यांसारख्या, बाहेर पागोळ्या आणि आत छत्र्यांची तळी. तेवढ्यात शेजारच्या बाई आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहतात, आमच्याकडे चहाला येतात. दारातून आत पाऊल टाकलं, उघडी छत्री बघितली आणि दोन्ही हात गालांना लावून म्हणाल्या, ओ लव्ह, नॉट इन्साइड! इकडे घरात छत्री उघडणं म्हणजे मोठा अपशकुन. आई माझ्याकडे बघतेय, काय झालं, काय झालं म्हणून. मी सांगितलं. आई म्हणाली, मग वाळवायची कशी? मी हे भाषांतर करून विचारलं तर त्या बाई खरंच विचारात पडल्या. त्यांच्याकडे दाराशी उभं पितळी भांडं आहे, त्यात मिटलेली ओली ब्रॉली उभी करतात. आई म्हणाली, कुबट वास येईल, काड्यांना गंज धरेल, सांग त्यांना. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, इट डझ, लव्ह, इट डझ. शेवटी तह असा झाला की छत्री बाथरूममध्ये टबात उघडी ठेवायची, कारण बाथरूम म्हणजे घर की बाहेर यावर दोघींपैकी कोणालाच खात्री नव्हती.

त्यानंतर दोघींची जी काय गट्टी जमली. आईला इंग्रजी येत नाही असं नाही, पण बेतास बात, आणि त्या बाईंचा मँचेस्टरी उच्चार मलाच अर्धा कळत नाही. तरी रोज दुपारी दोघी बागेपर्यंत फिरायला. बारीक पाऊस आला की त्या म्हणायच्या, इट्स ओन्ली स्पिटिंग. आईने घरी येऊन मला विचारलं, थुंकतोय म्हणाली का गो ती पावसाला? मी म्हटलं हो. आई जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, एवढासाच पडतो तर तसंच म्हणणार.

ब्रॉली मात्र तिने पहिल्या फटक्यात उचललं. ब्राली म्हणायची. माझी ब्राली कुठाय, ब्राली घे, ढग आलाय. माझी एक गुजराती मैत्रीण, लेस्टरवाली, आमच्याकडे आली असताना वाऱ्याने तिची छत्री उलटी झाली तर ती म्हणाली, कागडो थई गयो, त्यांच्यात छत्री उलटली की तिचा कावळा झाला म्हणतात. आईने ते पण उचललं. मग एक दिवस फोनवर मावशीला सांगत होती, काल ब्रालीचा कागडो झाला. मावशी म्हणे बराच वेळ काही बोलली नाही.

ऑगस्टमध्ये आई परत गेली आणि छत्री इथेच राहिली, दाराच्या मागे. मी व्हॉट्सअपवर फोटो पाठवला, तर उत्तर आलं की राहू दे, शेजारच्या बाईंना दे, त्यांची पार मोडलीय, आणि सांग टबातच वाळव म्हणून. नेऊन दिली. त्यांनी पाकळीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं हे काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, दोन्ही वेळा चुकीचं.

परवा मी ऑफिसमधून येताना डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर बसले होते, काचेवर रिपरिप, सिग्नलला बस थांबली. खाली फुटपाथवर चार-पाच छत्र्या चालल्या होत्या, एक ठिपक्यांची, एक पारदर्शक घुमटासारखी, आणि त्यांच्या मधून एक काळी, हळूहळू, तिच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने आमचं आडनाव. मी काचेवर टकटक केलं पण तिथपर्यंत कुठे ऐकू जाणार. बस सुटली.